कॅराकल ऊर्फ स्याहगोश: खुरट्या झुडपांतलं मांजर

माळफिरस्ता (धागाकर्ता)

रानमांजरांच्या धाग्यावर बारामतीकडच्या एका सदस्याने उसाच्या बांधावर टिपलेला फोटो टाकला होता. "कानांच्या टोकांना काळे केस दिसतायत, हा कॅराकल तर नाही ना?" असा प्रश्न होता. उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

आधी प्रश्नाचं उत्तर. फोटोतलं जनावर रानमांजर आहे, काही भागांत ज्याला बाऊल म्हणतात ते. पायांवर पुसट आडवे पट्टे आहेत, शेपटीच्या टोकाकडे काळी वलयं आहेत आणि कानांवरचे केस अगदी आखूड आहेत. एवढे केस रानमांजराला असतातच, त्यामुळे गल्लत होते. कॅराकलच्या पाठीवर, पायांवर, शेपटीवर पट्टा किंवा वलय कुठेच नसतं. अंग विटकरी झाक असलेल्या वाळूच्या रंगाचं, पोट पांढरट. कानांची मागची बाजू काळीभोर आणि टोकाला चार-पाच सेंटिमीटर लांबीचे काळे झुपके. शेपूट तोकडी, बाकीच्या लांबीच्या साधारण तिसरा हिस्सा. जनावर पाठमोरं असलं तरी कान आणि शेपूट बघून निकाल लागतो.

महाराष्ट्रात कॅराकलची अलीकडची खात्रीशीर नोंद नाही. २००१ नंतर देशात राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेश एवढ्या तीनच राज्यांतून नोंदी आल्या आहेत. त्यांतही टिकून राहील अशी वस्ती दोनच ठिकाणी असावी: रणथंभोरचा परिसर आणि कच्छ.

आता या दोन जागा डोळ्यांपुढे आणा. रणथंभोर आपल्याला वाघामुळे माहीत, पण कॅराकल तिथे धोकडाच्या विरळ झाडीत, खडकाळ उतारांवर आणि चंबळेकडे उतरणाऱ्या घळींच्या भागात वावरतो. कच्छमध्ये तर गोरड, केर, बोर अशी काटेरी झुडपं, मध्ये उघडी जमीन, कुठेतरी कोरडा ओढा. गाडीतून जाताना आपण म्हणतो, 'इथे काहीच नाही.' माझं सगळं म्हणणं या 'काहीच नाही'वर आहे. या मांजराचं शरीर, शिकार, पिल्लांची जागा, सगळं अशाच जमिनीसाठी घडलंय. आणि अशी जमीन सरकारी नकाशात पडीक म्हणून रंगवली जाते. कॅराकल नाहीसा होण्याची इतर कारणं आहेतच, पण माझ्या मते हे त्यांच्या मुळाशी आहे.

शरीरापासून सुरुवात करतो. वजन आठ ते एकोणीस किलो, नर मोठे. खांद्याशी उंची ४० ते ५० सेंटिमीटर. म्हणजे घरच्या मांजरापेक्षा कितीतरी मोठा आणि बिबट्याच्या मानाने लहान. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब आणि जबरदस्त ताकदीचे, त्यामुळे उभं राहिल्यावर पुठ्ठा किंचित उचललेला दिसतो. तळपायांच्या गाद्यांमध्ये राठ केस असतात, ते मऊ वाळूत उपयोगी पडतात. उघड्यावर हे मांजर लांब पाठलाग करत नाही. झुडपाच्या, गवताच्या आडाने पोटावर सरकत अगदी जवळ येतं, काही मीटरांवर आलं की झेप. भक्ष्य पक्षी असेल आणि उडाला असेल, तर तीन मीटरपर्यंत हवेत उसळून त्याला पंजाने खाली पाडतं. वर गेल्यावर अंगाला पीळ देऊन दिशा बदलतं. या उडीची चित्रफीत संथ गतीत बघा, मागच्या पायांचं महत्त्व तेव्हा कळेल.

एवढी उडी येते म्हणून तो रोज पक्षीच खातो असं मात्र नाही. सरिस्कात रानमांजर, कॅराकल आणि कोल्हा या तिघांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिघांच्याही आहारात उंदीरवर्गीय प्राण्यांचं महत्त्व मोठं निघालं. ससे, तितर, लावे, मोर, सरडे हे जोडीला. आफ्रिकेत हाच प्राणी स्प्रिंगबॉकसारखं स्वतःच्या दुप्पट-तिप्पट वजनाचं हरिणही मारतो. मोठी शिकार गळा धरून गुदमरवायची, छोटीची मान चावून मोडायची. पक्षी खाण्याआधी पिसं उपटून टाकायची सवय आहे. नुसती पिसं विखुरलेली सापडली की ते बऱ्याचदा कुठल्यातरी मांजराचं काम असतं.

पिल्लांचं पुढे लिहितो. कोणाला प्रश्न असतील तर विचारा.

उसाचा_बांध

फोटो माझाच. इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. आमच्याकडे तोडणीच्या वेळी दर हंगामात मांजराची पिल्लं निघतात. मजूर बिबट्याची म्हणून घाबरतात, गर्दी होते, कोणीतरी उचलून घरी नेतं. मागच्या तोडीला तीन पिल्लं होती. ओळखायची कशी आणि करायचं काय?

रानजाई

@उसाचा_बांध, याचं उत्तर मी देते, आमच्या गटाचं निम्मं काम हेच आहे.

बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर जन्मापासून दाट ठिपके असतात, डोकं मोठं आणि पंजे अंगाच्या मानाने जाडजूड. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर पट्टे असतात, ते वाढत्या वयात पुसट होत जातात. पण खरं सांगू का, ओळखण्यात वेळ घालवू नका, कारण दोन्ही बाबतींत पहिली पावलं सारखीच आहेत. त्या ओळी तोडायचं काम थांबवा, माणसं मागे घ्या, पिल्लांना हात लावू नका आणि वनखात्याला कळवा. १९२६ हा मदतक्रमांक आहे, स्थानिक वनरक्षकाचा नंबर असेल तर आणखी चांगलं. आई जवळपासच असते, माणसांच्या आवाजाने बाजूला झालेली असते. पिल्लं उचलली गेली असतील तर अंधार पडताना त्याच जागी, उघड्या खोक्यात ठेवतात आणि लांब थांबतात. बहुतेक वेळा आई रात्रीत येऊन एकेक पिल्लू मानेला धरून नेते. घरी नेऊन गाईचं दूध पाजलेल्या पिल्लांची मात्र दैना होते. पोट बिघडतं, आणि माणसाळलेलं पिल्लू परत रानात टिकत नाही.

आणि गावात सांगताना हेही सांगा की हे मांजर उसातले उंदीर खातं. शेतकऱ्याला ते चटकन पटतं.

पक्षीवेडा

सुंदर धागा. माझा एक प्रश्न बरेच दिवस आहे. कानांवरच्या त्या झुपक्यांचा उपयोग काय? कोणी म्हणतं ऐकू चांगलं येतं, कोणी म्हणतं माश्या उडवायला.

माळफिरस्ता

@पक्षीवेडा, यावर एकमत नाही, पण मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण खुणेचं आहे. दोन कॅराकल समोरासमोर आले की डोकं बाजूला झटकतात, कान फडकवतात. कानांची काळी पाठ आणि लांब झुपके यांमुळे ती हालचाल गवताच्या वरूनही ठळक दिसते. चेहऱ्यावर डोळ्यापासून नाकाकडे उतरणारी काळी रेघ आणि डोळ्यांवरच्या खुणाही त्याच भाषेचा भाग असाव्यात. एकट्याने राहणाऱ्या प्राण्याला, मारामारी टाळून 'मी इथे आहे, तू तिकडून जा' हे सांगण्याची सोय लागतेच. ऐकण्याची क्षमता त्या झुपक्यांमुळे वाढते असं दाखवणारा पुरावा माझ्या वाचनात नाही. ते काम कानाचा मोठा पाळा आणि त्याला हलवणारे स्नायू करतात. गवतातल्या उंदराची खसखस ऐकून कान त्या दिशेला वळतात, डोकं जागचं हलत नाही.

पिल्लांबद्दल: गाभणकाळ साधारण अडीच महिने. एका वेळी एक ते चार पिल्लं, बहुधा दोन-तीन. मादी स्वतः बीळ खोदत बसत नाही. साळिंदराचं सोडलेलं बीळ, खडकातली कपार, दाट झुडपाचा बुंधा, असं तयार मिळेल ते वापरते, आणि काही दिवसांनी पिल्लं दुसरीकडे हलवते. आठ-दहा दिवसांत डोळे उघडतात. चार-सहा महिन्यांचं होईतो दूध तुटतं, नऊ-दहा महिन्यांचं झालं की पिल्लू आपल्या वाटेने जातं. नर या सगळ्यात नसतो.

इथे जागेचा मुद्दा परत येतो. साळिंदराचं बीळ कुठे असतं? ओढ्याच्या दरडीत, घळीत, बांधाच्या पडक्या भागात. चंबळच्या घळी यंत्रांनी सपाट करून शेतीखाली आणल्या गेल्या, तेव्हा हिशेबात फक्त नवी जमीन आली. त्या दरडींत कोण राहत होतं हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

त्याला जमीनही भरपूर लागते. इस्रायलच्या अरावा खोऱ्यात गळ्यात रेडिओपट्टे बांधून पाहिलं, तेव्हा नरांचा वावर सरासरी सुमारे २२० चौरस किलोमीटर निघाला आणि माद्यांचा सुमारे ५७. कोरड्या प्रदेशात भक्ष्य विरळ असतं म्हणून एवढं फिरावं लागतं. याचा अर्थ कुठलंही छोटं अभयारण्य कुंपण घालून 'कॅराकलसाठी' राखून भागत नाही. अभयारण्याबाहेरचे माळ, गायरानं, ओढे मोकळे राहायला हवेत.

दफ्तरातला

इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो. आज देशात कोणी नाव ऐकलेलं नसतं, पण पाच-सहाशे वर्षं हा राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यातला मानाचा प्राणी होता. फिरोजशहा तुघलकाने (कारकीर्द १३५१ ते १३८८) चित्त्यांप्रमाणे स्याहगोशांसाठीही वेगळं खातं ठेवलं होतं. अकबराच्या पदरी शिकवलेले स्याहगोश होते. ससे, कोल्हे आणि पक्षी धरायला त्यांचा उपयोग होई.

मराठी वाचकांसाठी विशेष म्हणजे बडोद्याचे गायकवाड. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी प्राणिशास्त्रीय लेखनात, त्यांनी मोर, क्रौंच यांच्या शिकारीसाठी शिकवलेल्या कॅराकलांचा ताफा बाळगल्याचा उल्लेख येतो. त्याच काळात एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने पैजेचं वर्णन केलंय: पाळीव कबुतरांचा थवा दाणे टिपत असताना दोन कॅराकल सोडायचे, थवा उडायच्या आत कोण जास्त पाडतो ते पाहायचं. दहा-बारा कबुतरं एका झपाट्यात पडत असं तो लिहितो. पक्ष्यांच्या दृष्टीने क्रूर खेळ, पण धागाकर्त्याने सांगितलेल्या उडीची साक्ष त्यात आहे.

आणि १७५९ मध्ये बंगालच्या मीर जाफरकडून मिळालेला एक स्याहगोश क्लाइव्हने विलायतेला पाठवला. तो राजा दुसऱ्या जॉर्जकडे गेला आणि लंडनच्या टॉवरमधल्या प्राणिसंग्रहात ठेवला गेला.

मला यात एक गोष्ट खटकते. इतकी शतकं हे प्राणी रानातून धरले गेले. चित्त्याच्या बाबतीत या धरपकडीचा फटका मोठा होता असं मानतात. कॅराकलला तो किती बसला असेल?

माळफिरस्ता

@दफ्तरातला, बडोद्याची भर मोलाची आहे. धरपकडीने नुकसान झालंच असणार, बंदिवासात त्यांची वीण करून संख्या राखली जात होती असं दिसत नाही. पण एक फरक लक्षात घ्या. स्वातंत्र्याच्या वेळी शिकारखाने संपत आले होते. कॅराकलच्या नोंदींची सगळ्यात मोठी घसरण त्यानंतरची आहे.

१६१६ पासून एप्रिल २०२० पर्यंतच्या देशभरातल्या नोंदी रणथंभोरमध्ये काम करणाऱ्या अभ्यासकांनी एकत्र केल्या, एकूण १३४. १९४७ पर्यंत या नोंदी ज्या प्रदेशात पसरल्या होत्या त्याचं क्षेत्र ७,९३,९२७ चौरस किलोमीटर भरतं. १९४८ ते २००० मध्ये ते जवळजवळ निम्म्यावर आलं. २००१ ते २०२० मध्ये उरलं १६,७०९ चौरस किलोमीटर, म्हणजे आधीच्या टप्प्याच्या पाच टक्क्यांहूनही कमी. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने कॅराकलला अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात घेतलं.

आकडेमोड

जरा थांबू या. हे क्षेत्र 'नोंदींचं' आहे, प्राण्यांचं नव्हे. निशाचर, लाजाळू, झुडपांच्या रंगाचा प्राणी आहे. पूर्वी शिकारी आणि संस्थानिक फिरायचे, कातडी ठेवायचे, टिपणं लिहायचे. ते थांबलं म्हणून नोंदी थांबल्या असं नसेल कशावरून? शंका नीट विचारात घ्यावी, विरोधासाठी विरोध नाही.

माळफिरस्ता

@आकडेमोड, शंका अगदी योग्य आहे आणि अभ्यास वाचतानाही ती मनात ठेवायलाच हवी. १६,७०९ या आकड्याचा अर्थ 'एवढ्याच जागेत कॅराकल आहेत' असा घ्यायचा नाही.

पण दुसरी बाजू बघा. गेल्या वीस वर्षांत देशात जेवढे स्वयंचलित कॅमेरे रानात लागले तेवढे आधी कधीच नव्हते. व्याघ्रगणनेत हजारोंनी लागतात. त्यात ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं अशा वाघाटीसारख्या छोट्या मांजरांच्याही नव्या जागा कळल्या. कॅराकल तेवढ्याच प्रमाणात टिकून असता तर त्याच्या नोंदी वाढायला हव्या होत्या. त्या घटल्या. रणथंभोरमध्ये, जिथे तो आहे हे माहीत आहे, तिथेही तो कॅमेऱ्यात क्वचितच येतो.

तुमच्या शंकेतून एक खरी फट मात्र दिसते. हे कॅमेरे लागतात व्याघ्रप्रकल्पांत, दाट जंगलांत. काटेरी माळावर, गायरानात कोण लावतं? २०२५ मध्ये राजस्थानातल्या मुकुंदरा आणि मध्य प्रदेशातल्या गांधीसागर इथल्या कॅमेऱ्यांत कॅराकल आला, तेव्हा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. दोन्ही जागा रणथंभोरच्या दक्षिणेला, त्याच कोरड्या, खडकाळ पट्ट्यातल्या. अशा पट्ट्यांत नीट शोध घेतला तर आणखी काही सापडतीलही. म्हणून शोध घ्यावा हे माझं म्हणणं आहे. 'असतीलच कुठेतरी' म्हणून गप्प बसण्याने काही साधणार नाही.

भुजवाला

नोकरीनिमित्त बरीच वर्षं कच्छमध्ये आहे. इकडे याला हेणोतरो म्हणतात. मी स्वतः जिवंत पाहिलेला नाही, पण लखपतकडच्या म्हाताऱ्या मालधाऱ्यांना (पशुपालकांना) विचारलं तर ते चटकन कान दाखवून वर्णन करतात. एकाने मला सांगितलं होतं की तो मेंढ्यांच्या वाटेला जात नाही, ससा आणि तितर धरतो, पण अंधारात दिसला तर पोरं दगड मारतात.

धागाकर्त्याने 'पडीक' म्हटलंय त्याचं इथलं उदाहरण देतो. लखपत तालुक्यातलं नारायण सरोवर अभयारण्य १९८१ मध्ये जाहीर झालं तेव्हा सुमारे ७६६ चौरस किलोमीटर होतं. चिंकाऱ्यासाठी प्रसिद्ध, आणि कॅराकलचंही नाव तिथल्या प्राण्यांत घेतलं जातं. पण जमिनीखाली चुनखडी आणि लिग्नाइट. १९९५ मध्ये ते कमी करून सुमारे ४४४ चौरस किलोमीटर केलं गेलं. घनदाट जंगल असतं तर एवढ्या सहज तीनशे चौरस किलोमीटर वगळता आलं असतं का, हा प्रश्न मला तिथून जाताना दर वेळी पडतो. गोरडीची झाडं माणसाच्या डोक्याएवढी. बाहेरून आलेल्याला ते रान वाटतच नाही.

अटकेपार

केपटाउनहून वाचतेय. इथे कॅराकल शहराच्या कडेला आहे! टेबल माउंटनच्या पायथ्याची वस्ती आणि डोंगर यांच्या सीमेवर तो राहतो, पहाटे चालायला जाणाऱ्यांना कधीमधी दिसतोही. २०१४ पासून त्यांच्यावर अभ्यास चालू आहे. त्यातून कळलं की मरणाचं मोठं कारण गाड्या. आणि तपासलेल्या बहुतेक कॅराकलांच्या शरीरात उंदीर मारायच्या औषधाचा अंश सापडला. विष खाऊन मंदावलेला उंदीर कॅराकल खातो आणि ते त्याच्यात साचतं. सायमन्स टाउनजवळच्या वसाहतीतले पेंग्विन त्याने मारल्यावर मोठा वादही झाला, कारण ते पेंग्विनही संकटात आहेत.

आत कारू भागातल्या मेंढपाळांचं मात्र त्याच्याशी जुनं वैर. १९३१ ते १९५२ या काळात कारूमध्ये नियंत्रणाच्या नावाखाली दरवर्षी सरासरी २,२१९ कॅराकल मारले गेले. आणि तरी तो टिकला. भारतात एवढी कत्तल झाल्याचं ऐकलं नाही, तरी तिथे का नाही टिकला?

माळफिरस्ता

@अटकेपार, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा. जगाच्या पातळीवर कॅराकलला धोका कमी मानला जातो तो आफ्रिकेतल्या वस्तीमुळे. आशियात चित्र वेगळं. अरबस्तान, इराण, मध्य आशिया, पाकिस्तान करत तो भारतात येतो आणि इथे त्याच्या पसाऱ्याची पूर्वेकडची कड संपते. कडेवरची वस्ती मुळात विरळ असते.

पण माझ्या समजुतीने मोठा फरक जमिनीचा आहे. कारूत मारलेल्या कॅराकलची जागा भरायला आजूबाजूच्या मोकळ्या, सलग प्रदेशातून दुसरा येत राहिला. आपल्याकडे बंदुकीने कमी मेले असतील, पण जमीन तुकड्यांत गेली. कालवा आला, माळ नांगरला गेला. उरलेल्यावर वनीकरण झालं. त्यावर वेडी बाभूळ पसरली. रस्ता झाला, आता सौर आणि पवन प्रकल्प. कच्छच्या खावड्याजवळच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पाला सुमारे ७२,६०० हेक्टर जमीन दिली गेली, तिची नोंद पडीक म्हणूनच होती. त्यातला मोठा भाग खारं रण आहे आणि तिथे कॅराकल होता असं मी म्हणणार नाही. वीज तर हवीच. पण कुठला माळ द्यायचा आणि कुठला राखायचा हे ठरवताना आधी तिथे जाऊन पाहिलं पाहिजे. जंगलाची जमीन द्यायची तर निदान परवानग्या लागतात, चर्चा होते. माळाला तेवढंही मिळत नाही.

विषाचा मुद्दा मी विसरणार नाही. आपल्या ऊस-ज्वारीच्या पट्ट्यातही उंदरांवर विष टाकतात, आणि आपलं रानमांजर तेच उंदीर खातं.

पक्षीवेडा

माळावर झाडं लावण्याबद्दल +१. पुणे-सोलापूर पट्ट्यात चांगल्या गवताळ माळावर चर खणून गिरिपुष्प लावलेलं पाहिलंय. धाविक, चंडोल तिथून उठतात. हेतू चांगला असतो हे मान्य, पण माळाला 'हिरवं करायचं' म्हणजे माळ संपवायचा हे कोणालातरी सांगावं लागेल. पुणे जिल्ह्यातल्या कडबनवाडी आणि शिरसुफळला वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, तिथे लांडगा, चिंकारा, तरस, खोकड बघायला लोक पैसे देऊन येतायत. हे मला फार आश्वासक वाटतं.

लेहची_वाट

एक शंका. लडाखमध्ये दिसतो तो लिंक्स आणि हा एकच का? त्यालाही कानांवर झुपके असतात.

माळफिरस्ता

नाही, @लेहची_वाट. लडाखमधला तो खरा लिंक्स: अंग जाडजूड, केस दाट, गालांवर झुलपं, शेपूट अगदी बुटकी आणि टोकाला काळी. कॅराकलला पूर्वी 'पर्शियन लिंक्स' म्हणत, पण जनुकांवरून त्याचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेतले सर्व्हल आणि आफ्रिकी सोनेरी मांजर हे आहेत. झुपके दोघांत वेगवेगळे उगवलेत.

उसाचा_बांध

दिवाळीत रणथंभोरला जायचं ठरतंय. सफारीत कॅराकल दिसण्याची शक्यता किती? मुलाला आता वाघापेक्षा तोच बघायचाय.

माळफिरस्ता

@उसाचा_बांध, मुलाला आधीच सांगून ठेवा, शक्यता फार थोडी आहे. तो मुख्यतः रात्री आणि संधिप्रकाशात हिंडतो, सफारी दिवसाउजेडी असते, आणि गाड्या पाणवठ्यांच्या, वाघांच्या वाटांनी जातात. तरी कोरड्या, खडकाळ भागाकडचा मार्ग मिळाला तर तो घ्या, आणि पहाटेच्या फेरीत पहिला अर्धा तास झुडपांच्या बुंध्यांकडे पाहा. वाटाड्याला नाव सांगा. विचारणारे वाढले तर तेही शोधू लागतील.

चुकून दिसलाच तर, आणि हे सगळ्यांसाठी: शक्यतो बाजूने फोटो घ्या, कान आणि शेपूट दोन्ही येतील असा. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून वनखात्याला द्या. समाजमाध्यमांवर टाकाल तेव्हा अचूक जागा टाकू नका, तालुका पुरे. महाराष्ट्रातून कोणी 'कॅराकल' म्हणून फोटो टाकणार असेल तर इथे टाका, आपण मिळून पाहू. रानमांजर निघालं तरी ठिकाण आणि तारीख द्या, उसातल्या रानमांजरांची गाववार नोंद ठेवायला @रानजाई यांच्या गटाला ती उपयोगी पडेल.

रानजाई

नक्की. वेगळा नोंदधागा मी आज काढते. पिल्लं सापडली असतील तर ती परत आईने नेली की नाही एवढं जरूर लिहा.